काही नाही, जाऊ दे

पाच वर्षांची नात धावत येते, आजोबांचा गुडघा धरते आणि धापा टाकत काहीतरी सांगते. भिंतीवर मुंग्यांची रांग चाललीय आणि त्यातल्या एकीने दुसरी मेलेली मुंगी उचललीय, असं काहीसं. आजोबा विचारतात, "काय?" ती पुन्हा सांगते, तेच शब्द, तितकेच भरभर. "काय म्हणालीस?" ती तिसऱ्यांदा सांगते, पण आता आवाज चढलेला आणि मान भिंतीकडे वळलेली, कारण रांग पुढे सरकतेय. आजोबा अंदाजाने हसतात. "हो का? छान!" मेलेल्या मुंगीला छान कोण म्हणतं? नात क्षणभर त्यांच्याकडे बघते, "काही नाही, जाऊ दे" म्हणते आणि आईला शोधायला जाते. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचा खेळ. कुणी रागावलेलं नसतं, कुणी रडलेलं नसतं, त्यामुळे घरात त्याची दखलही कुणी घेत नाही.

दखल घ्यायला हवी असं मला वाटतं, आणि तेही त्या मुलीच्या पाचव्या वर्षीच. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कमी ऐकू येऊ लागलं, की महत्त्वाचं बोलणं काही अडत नाही. गोळी घेतली का, उद्या डॉक्टरांकडे जायचंय, किल्ली कुठे ठेवलीय, हे सगळं तीनदा सांगितलं जातं, ओरडून सांगितलं जातं, नाहीतर कागदावर लिहून दिलं जातं. गळतं ते बिनमहत्त्वाचं बोलणं, तिसऱ्यांदा सांगण्याच्या लायकीचं नसलेलं. मुलगा आणि बाप यांच्यात निदान जुना साठा असतो. भांडणं असतात, व्यवहार असतात, एकत्र काढलेली वर्षं असतात. आजोबा आणि नात यांच्यात यातलं काही नसतं. त्यांच्या नात्याला खायला बिनमहत्त्वाच्या गोष्टींशिवाय दुसरं काही नाही. मुंगी, तुटलेली पेन्सिल, शाळेतल्या कुणाचा तरी पडलेला दात. हे बंद झालं की उरतो तो नमस्कार आणि फोटो.

वयोमानाने ऐकू कमी येणं म्हणजे आवाजाचं बटण थोडं खाली आलं, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आवाजाचा एक ठरावीक भागच आधी नाहीसा होतो. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेटोळ्यांची नळी असते आणि तिच्यात आवाज टिपणाऱ्या केसपेशी, एका कानात साधारण १५ हजार. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी आणि खर्जाच्या पार आतल्या टोकाला. झीज सुरू होते ती तोंडाकडून, आणि माणसाच्या कानात मेलेली केसपेशी परत उगवत नाही. आवाजाची उंची हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला किती कंपनं यात, मोजतात. म्हणून सहसा २००० हर्ट्झच्या वरचे आवाज आधी पुसट होतात. आता बोलणं कशाचं बनलेलं असतं ते बघा. आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीत असतात आणि चांगले दणकट असतात. स, श, फ, थ, ट ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि मुळातच क्षीण. अर्थ मात्र बराचसा त्यांच्यावरच टांगलेला. 'साप', 'ताप' आणि 'थाप' यांतलं 'आप' तेवढं पोचतं, पुढचं मेंदूने संदर्भ लावून भरायचं. 'आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत' ही म्हाताऱ्या माणसांची तक्रार म्हणूनच अक्षरशः खरी असते.

लहान मूल या सगळ्यात सर्वांत अवघड बोलणारं. पुरुषाच्या आवाजाची मूळ पट्टी १०० ते १२५ हर्ट्झच्या आसपास असते, बाईची २०० च्या आसपास, आणि चार-पाच वर्षांच्या मुलाची ३०० च्या आगेमागे. गळा आणि तोंड लहान, त्यामुळे मुलाच्या बोलण्यातले बाकीचे ध्वनीही वर सरकलेले. त्याचा 'स' बापाच्या 'स'पेक्षा बराच वर असतो, म्हणजे नेमका आजोबांच्या कानातल्या ओसाड भागात. त्यात 'र', 'स', 'श' हे उच्चार मुलांना तसेही उशिरा येतात. त्यात ते पळता पळता बोलतं, खाली बघून बोलतं, तोंडासमोर खेळणं धरून बोलतं. त्याचं तोंड कमरेच्या उंचीवर आणि आजोबांचे कान त्याच्या वर दोन-तीन फूट. आणि त्याचा विषय कुठून सुरू होईल याचा नेम नसतो, त्यामुळे संदर्भावरून भर घालण्याची मेंदूची युक्तीही चालत नाही. मोठी माणसं काय बोलणार याचा निम्मा अंदाज आधीच असतो. मूल मुंगीबद्दल बोलेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

यातूनच घरोघरचा तो आरोप तयार होतो, की 'त्यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं'. मुलाचं ऐकू येतं, नातवंडाचं नाही. सकाळी येतं, संध्याकाळी नाही. दोघं बसलेली असताना येतं, चौघं जमली की नाही. दिसायला हे सगळं सोंग दिसतं खरं. पण मुलाचा आवाज खर्जातला आहे, सकाळी घर शांत असतं, आणि दिवसभर तुकडे जोडून अर्थ लावणारा मेंदू संध्याकाळपर्यंत दमून गेलेला असतो. चौघांच्या गप्पांत कोण बोलतंय हे वळून बघेपर्यंत वाक्य संपलेलं असतं. सोंग करणारा माणूस स्वतःच्या लाडक्या नातीला कशाला टाळेल, हा साधा प्रश्न आरोप करणाऱ्यांना पडत नाही.

मुलांच्या मनाला याहून जास्त लागतं ते दुसरंच. आजोबा म्हणतात, "जरा मोठ्याने बोल." मूल मोठ्याने बोलतं. आजोबा दचकून म्हणतात, "ओरडतेस कशाला!" मुलाच्या हिशेबात हा सरळसरळ अन्याय आहे. पण कानाच्या हिशेबात तो खराखुरा अनुभव आहे. या प्रकारच्या बहिरेपणात हळू आवाज अजिबात पोचत नाही, पण मोठा आवाज जवळपास पूर्वीइतकाच मोठा लागतो, कधी टोचतो. 'ऐकू येत नाही' आणि 'सहन होत नाही' यांच्यातली जागा आक्रसलेली असते. शिवाय ओरडताना स्वर तेवढे मोठे होतात, व्यंजनं होती तिथेच राहतात. ओरडणाऱ्याचा चेहराही रागीट होतो आणि ओठांची वळणं बिघडतात. थोडक्यात, ओरडून फायदा फारसा नाही आणि दोन्ही बाजूंना अपमान.

म्हातारी माणसंही यावर आपापले उपाय शोधतात, आणि ते उपायच पुढे स्वभाव म्हणून ओळखले जातात. एक उपाय मान डोलवण्याचा. दुसरा, इतर हसले की हसण्याचा. तिसरा कुणाच्या लक्षात येत नाही: अखंड स्वतःच बोलत राहणं. बोलण्याला कान लागत नाहीत, आणि विषय आपल्या हातात असला की पुढे काय येणार ते ठाऊक असतं. 'आजी आमचं ऐकूनच घेत नाही, आपलंच सांगत बसते' असं नातवंडं म्हणू लागली, तर आजीच्या स्वभावाकडे बोट दाखवण्याआधी तिचे कान तपासून घ्यावेत. चौथा उपाय खोलीत जाऊन बसण्याचा. तो सर्वांत सोयीचा, कारण त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

मधली पिढी दुभाषी होते.

"आजोबा, ती म्हणतेय की मुंगीने मुंगी उचलली." हे प्रेमानेच केलेलं असतं आणि एकदा-दोनदा ठीकही आहे. पण आठवडाभरात मूल शिकतं, की आजोबांशी बोलायचं असेल तर आईच्या तोंडाकडे बघायचं. आजोबाही नातीचं बोलणं संपायच्या आत मुलीकडे किंवा सुनेकडे बघतात. ज्या दोघांनी एकमेकांकडे बघायला हवं, ती दोघं तिसऱ्याच माणसाकडे बघत बसतात. माझं मत असं, की दुभाष्याने उत्तर पोचवू नये, वाट दाखवावी. मुलाचा खांदा धरून त्याला आजोबांसमोर वळवायचं आणि आपण बाजूला व्हायचं. लहान मुलांना 'काय?' विचारलं की ती तेच वाक्य तसंच, फार तर मोठ्याने, पुन्हा म्हणतात. शब्द बदलून सांगायची अक्कल वयाबरोबर हळूहळू येते, म्हणून ती शिकवावी लागते. "उचललं कळलं नाही त्यांना, हाताने करून दाखव." मुलाला हे पटकन जमतं, कारण त्यात नाटक आहे.

शिकवण्यासारखं फार काही नाही, पण क्रम महत्त्वाचा. आधी हाताला किंवा गुडघ्याला हात लावायचा आणि ते आपल्याकडे बघेपर्यंत थांबायचं. मग 'आजोबा' म्हणायचं, मग विषयाचं नाव, आणि मग गोष्ट: "आजोबा. मुंगी. भिंतीवर एक मुंगी आहे ना..." विषय आधी कळला की पुढचे अर्धेअधिक शब्द मेंदू स्वतः भरतो. वाक्यांच्या मध्ये श्वास घ्यायचा. एकेक अक्षर ताणून बोलायचं नाही, त्याने ओठ वाचता येत नाहीत. बसायचं समोर, हाताच्या अंतरावर, आणि एक कान बरा असेल तर त्या बाजूला. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलने वाढतो. हा फायदा कुठल्याही खर्चाशिवाय मिळतो. उजेड बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हवा. मूल खिडकीला पाठ करून उभं राहिलं तर आजोबांना दिसते ती नुसती काळी आकृती. आणि टीव्ही बंद. आवाज कमी केलेला टीव्हीही बोलतच असतो आणि त्यातली माणसं नातीच्या शब्दांवर बसतात. उघड्या फरशीच्या, रिकाम्या भिंतींच्या खोलीत प्रत्येक शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढते. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट असलेली खोली निवडली तर गप्पा सोप्या होतात. चित्रांचं पुस्तक मध्ये ठेवून बसणं सर्वांत उत्तम, कारण विषय पानावर असतो आणि मूल मांडीवर किंवा शेजारी चिकटून बसलेलं असतं. घर माणसांनी भरलेलं असताना नातवंडांना 'जा, आजोबांशी बोल' म्हणून पाठवू नये. त्या दिवशी दोघंही हरतात.

कानाच्या मशीनकडे वळायच्या आधी कानात डोकावून घ्यावं. वयानुसार कानातला मळ कोरडा, घट्ट होतो आणि नुसत्या मळाच्या बोळ्यानेही ऐकणं बरंच कमी होऊ शकतं. तो डॉक्टरांनी काढायचा. कापसाच्या काडीने तो आणखी आत ढकलला जातो. आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवी: एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर ते म्हातारपण समजून बसायचं नाही. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. त्यावर स्टेरॉइडचे उपचार आहेत आणि ते जितके लवकर, तितका उपयोग. वयोमानाचा बहिरेपणा हळूहळू आणि दोन्ही कानांना येतो. एकाच कानाला आलेला, चक्कर घेऊन आलेला, ही वेगळी प्रकरणं.

तपासणीत २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकवून आलेख काढतात. डावीकडे बरा असलेला आणि उजवीकडे घसरत गेलेला तो उतार एकदा घरातल्या सगळ्यांना दाखवावा. 'हवं तेवढं ऐकू येतं' हे वाक्य त्या कागदापुढे बहुधा गप्प होतं. मशीन बसवायला जाताना शक्य असेल तर नातवंडाला बरोबर न्यावं. ऑडिओलॉजिस्टच्या, म्हणजे ऐकणं तपासून मशीन जुळवणाऱ्या तज्ज्ञाच्या, शांत खोलीत, मोठ्या माणसाच्या आवाजावर सगळं छान जुळतं आणि घरी आल्यावर नेमका मुलाचाच आवाज निसटतो. मूल समोर बोलत असताना ते सांगता येतं. कानात बारीक नळी ठेवून, मशीन घातलेलं असताना पडद्यापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोचतो हे मोजता येतं. ती मोजणी मागून घ्यावी. कानाची वरची पट्टी पुरती गेली असेल, तर वरचे आवाज खाली सरकवून ऐकवण्याची सोय बऱ्याच मशीनमध्ये असते. मुलांच्या 'स' आणि 'श'साठी ती विचारून बघण्यासारखी आहे.

मशीन ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं ते बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. त्याला कारणं असतात. इतकी वर्षं न ऐकलेले आवाज एकदम परत येतात: नळाचं पाणी, कागदाची चुरचुर, स्वतःच्याच चपला. स्वतःचा आवाज डब्यातून आल्यासारखा घुमतो. आणि पहिल्याच दिवशी कौतुकाने नातवंडं भोवती जमवली, तर त्यांची पहिली किंकाळी थेट मेंदूत जाते. म्हणून सुरुवात शांत खोलीत, रोज काही तास, एका माणसाशी बोलून. मुलांची पाळी त्यानंतर, एकेकाची. मोठे आवाज टोचत असतील तर मशीनची कमाल मर्यादा खाली आणता येते. त्यासाठी पुन्हा जायचं असतं, सोसत बसायचं नसतं.

मग मिठीची भानगड. नातू गळ्यात पडतो, त्याचं डोकं आजीच्या कानाला टेकतं आणि मशीन शिट्टी वाजवतं. कानातून बाहेर निसटलेला वाढीव आवाज मुलाच्या डोक्यावर आपटून परत माइकमध्ये शिरतो, तो पुन्हा वाढतो, आणि हे चक्र सुरू होतं. आजी दचकून मागे होते आणि मुलाला वाटतं, आपल्याला दूर लोटलं. डोम, म्हणजे कानात बसणारं मशीनचं मऊ टोक, सैल असेल, मशीन नीट आत बसलेलं नसेल किंवा कानात मळ असेल तर शिट्टी जास्त. हे तीनही दुरुस्त होतं. थोडी शिट्टी तरी राहतेच. मुलाला एकदा समजावून सांगितलं की पुढे त्याला तीच गंमत वाटू लागते. कानात सांगितलेल्या गुपितांचं मात्र अवघड आहे. कुजबुजताना घशातला सूर नसतो, नुसती हवा असते, आणि हवेचा तो आवाज आजीच्या कानात पोचतच नाही. गुपित मशीनच्या माइकपाशी हलक्या पण नेहमीच्या आवाजात सांगायला शिकवावं, किंवा चिठ्ठीवर लिहायला. लिहिता येऊ लागलेल्या मुलाला चिठ्ठीच जास्त आवडते.

मुलांना मशीनची देखभाल करायला आवडते, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला ती जमतेही. मशीन मिटलेल्या मुठीत धरलं आणि शिट्टी वाजली, तर ते चालू आहे. वाजली नाही तर सेल संपला किंवा टोकाशी मळ अडकला. झिंक-एअर सेलवरचा रंगीत कागद काढला की मिनिटभर हवा लागू द्यायची आणि मग बसवायचा. एकदा कागद निघाला की वापरा, न वापरा, तो उतरत जातो, म्हणून आधीच काढून ठेवायचा नाही. रात्री सेलचं दार उघडं ठेवायचं. हे काम आजी आणि नातवाचं रोजचं ठरलेलं होऊ शकतं. त्याहून धाकटं भावंड घरात असेल तर सेल मात्र कपाटात, वरच्या फळीवर. बटणाएवढा सेल गिळला किंवा नाकात घातला तर वाट बघायची नाही, सरळ रुग्णालय.

स्मरणशक्तीचा मुद्दा हल्ली फार ऐकू येतो. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत कमी ऐकू येण्याचं नाव 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१७ च्या आयोगापासून घेतलं जातं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवरच्या तीन वर्षांच्या चाचणीत मशीन आणि समुपदेशन दिलेल्यांची बुद्धी एकूण गटात काही वेगळी टिकली नाही. पण ज्यांना आधीपासून जास्त धोका होता, त्यांच्यातली घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. चाचणी चांगली होती, पण तिचा धाक घालून कुणाच्या कानात मशीन घालू नये. भीतीने घातलेलं मशीन कौतुकाचे दिवस सरले की निघतं. नात काय म्हणते ते कळावं, एवढं कारण मला पुरेसं वाटतं, आणि ते आजोबांना लगेच तपासताही येतं.

नातवंडं दूर राहत असतील तर फोनचा प्रश्न. जुन्या पद्धतीच्या फोनमधून ३०० ते ३४०० हर्ट्झच्या मधलाच आवाज जातो, म्हणजे जे आधीच कमी ऐकू येतं तेच तारेत कापलं जातं. व्हिडिओ कॉलमध्ये पट्टी रुंद असते आणि ओठ दिसतात, पण चित्र आवाजाच्या मागे राहिलं तर ओठ दिसून गोंधळच वाढतो. चालत्या फोनवर, हलत्या हातात, तिघांनी एकदम बोलायचं हा प्रकार बंद करावा. फोन टेकवून ठेवावा, मुलाच्या तोंडावर दिवा असावा आणि एका वेळी एकच बोलावं. मशीन फोनला जोडता येत असेल तर आवाज दोन्ही कानांत थेट जातो आणि खोलीचा गलबला मध्ये येत नाही. दोघांच्या हातात काहीतरी असलं, सारखंच चित्र, सारखंच कोडं, तर बोलायला विषय लागत नाही.

काही आजोबा हे सगळं नाकारतात, तो त्यांचा हक्क आहे. अशा घरात निसर्गच थोडी मदत करतो, पण एकालाच. तेरा-चौदाव्या वर्षी नातवाचा आवाज फुटतो, साधारण एका सप्तकाने खाली येतो, आणि इतकी वर्षं न कळणारा मुलगा आजोबांना एकाएकी स्पष्ट ऐकू येऊ लागतो. नातीचा आवाज दोन-चार सुरांनीच उतरतो, तिला समोर येऊन बसावंच लागतं. नातवाला त्या वयात कुणाशीही बोलायचं नसतं, हा भाग वेगळा.